गिब्सन हेन्रीने बुडवली की हेन्रीमुळेच तगली?

सहावी तार (धागाकर्ता)

गिब्सन कंपनीने १ मे २०१८ ला दिवाळखोरीचा अर्ज केला. तेव्हापासून गिटारवाल्यांच्या गप्पांत एक वाक्य ठरलेलं असतं: "इलेक्ट्रिक गिटारचे दिवसच संपले, मग गिब्सन कशी टिकणार?" मला हे अजिबात मान्य नाही, म्हणून हा धागा. गिब्सन गिटारमुळे बुडाली नाही. गिटारीवर मिळवलेला पैसा हेडफोन आणि स्पीकरच्या धंद्यात घातला म्हणून बुडाली, आणि तो निर्णय एका माणसाचा होता: हेन्री जस्केविच.

मागचं थोडक्यात सांगतो. ऑर्व्हिल गिब्सन हा मिशिगनमधल्या कॅलामझू गावात मेंडोलिन आणि गिटारी घडवणारा कारागीर. त्याच्या नावाने १९०२ मध्ये कंपनी निघाली. १९३६ मध्ये ईएस-१५० ही इलेक्ट्रिक गिटार आली, चार्ली ख्रिश्चनने ती जॅझमध्ये वाजवली आणि मागे बसून ठेका धरणारी गिटार पुढे येऊन सोलो घेऊ लागली. लेस पॉल हा वादक १९४० च्या दशकात भरीव लाकडाच्या गिटारची कल्पना घेऊन गिब्सनकडे गेला, तेव्हा त्याला कुणी दारात उभं केलं नाही. १९५० मध्ये कॅलिफोर्नियात लिओ फेंडरने भरीव गिटार विकायला सुरुवात केली आणि मग गिब्सनला त्याची आठवण झाली. १९५२ मध्ये त्याच्या नावाची सोनेरी लेस पॉल बाजारात आली. टेड मॅकार्टी १९५० ते १९६६ अध्यक्ष होता. ट्यून-ओ-मॅटिक ब्रिज, सेथ लव्हरचा हमबकर (तारांचा आवाज पकडणारा पिकअप), आणि ईएस-३३५, फ्लाइंग व्ही, एक्सप्लोरर, एसजी, फायरबर्ड ही मॉडेलं: आज आपण गिब्सन म्हणून जे ओळखतो ते बहुतेक सगळं त्याच्याच कारकिर्दीतलं.

१९६९ मध्ये कंपनी दुसऱ्यांच्या हाती गेली, पुढे त्या मालकांचं नाव नॉर्लिन झालं, आणि घसरण सुरू झाली. जानेवारी १९८६ मध्ये हार्वर्डमध्ये एकत्र शिकलेल्या तिघांनी ती फक्त ५० लाख डॉलरला विकत घेतली. त्यांच्यातला हेन्री पुढे ३२ वर्षं सर्वेसर्वा राहिला. पहिल्या दहा-पंधरा वर्षांचं श्रेय मी त्याला मनापासून देतो.

पण पुढे काय झालं? २०११ मध्ये स्टँटन समूह घेतला, म्हणजे केआरके आणि सर्विन-वेगा हे स्पीकरचे ब्रँड आले. २०१२ मध्ये ओंक्यो या जपानी ऑडिओ कंपनीत हिस्सा घेतला. २०१३ मध्ये तशीच टीऍक घेतली, केकवॉक हे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर घेतलं, आणि त्याच वर्षी कंपनीचं नाव गिब्सन गिटारचं गिब्सन ब्रँड्स केलं. २०१४ मध्ये फिलिप्सचा ऑडिओ विभाग १३ कोटी ५० लाख डॉलरला घेतला, बराचसा कर्जावर. २०१८ मध्ये ३७ कोटी ५० लाखांचे रोखे फेडायची वेळ आली तेव्हा खिसा रिकामा होता. एकूण देणं ५० कोटी डॉलरपर्यंत गेलं होतं.

आता त्याच अर्जातली दुसरी बाजू बघा. कंपनी वर्षाला १,७०,००० हून जास्त गिटारी विकत होती, आणि महागड्या इलेक्ट्रिक गिटारींच्या बाजारातला ४० टक्क्यांहून जास्त वाटा तिचा होता. गिटारचा कारखाना चालू होता, माल जात होता. मग "गिटार मेली" हे कुठून आलं?

विरुद्ध मतं हवी आहेत. आकडे किंवा अनुभव घेऊन या.

जुना बाजार

पूर्ण असहमत. "पहिल्या दहा-पंधरा वर्षांचं श्रेय" हे तुम्ही एका ओळीत उरकलंत, आणि सगळी गोष्ट तिथेच आहे.

१९८६ ला गिब्सन म्हणजे काय होतं? कॅलामझूचा मूळ कारखाना बंद, नॅशव्हिलच्या नव्या कारखान्यातल्या मालाची बाजारात पत गेलेली, जपानी नकला तिच्याहून चांगल्या, आणि तरुण पोरं अणकुचीदार हेडस्टॉक (खुंट्या बसतात ते डोकं) आणि फ्लॉइड रोझ हा हलता ब्रिज लावलेल्या गिटारी वाजवत होती. लेस पॉल ही म्हाताऱ्यांची गिटार झाली होती. नॉर्लिन कंपनी मोडीत काढायला बसली होती. अशा वेळी हेन्रीने पैसे घातले. १९८७ मध्ये मोंटानातली फ्लॅटआयर्न ही मेंडोलिनची छोटी कंपनी घेतली आणि १९८९ पासून बोझमनमध्ये अकूस्टिक गिटारींचा स्वतंत्र कारखाना उभा केला. आज हमिंगबर्ड आणि जे-४५ घेताना आपण ज्या कामाची तारीफ करतो ते तिथलं. १९९३ पासून कस्टम विभागाने १९५० च्या दशकातल्या गिटारी मापं घेऊन तशाच्या तशा करायला सुरुवात केली. हे सगळं नसतं तर २०१८ मध्ये बुडवायला तरी गिब्सन उरली असती का?

आता माझा मुख्य मुद्दा. हेन्रीने पैसा गिटारबाहेर का लावला? कारण गिटारमध्ये तुम्ही आम्ही त्याला काही करूच दिलं नाही. गिब्सनच्या गिऱ्हाइकाला १९५९ ची लेस पॉल हवी, बाकी काही नको. मान मोडते म्हणून नॉर्लिनच्या काळात हेडस्टॉकमागे लाकडाचा उंचवटा ठेवला, ज्याला व्होल्यूट म्हणतात. तो लोकांनी नाकारला, १९८१ च्या सुमारास काढून टाकावा लागला. हेन्रीने स्वतः सूर जुळवणाऱ्या खुंट्या आणल्या, फायरबर्ड एक्स आणली, २०१५ मध्ये मान थोडी रुंद केली. प्रत्येक वेळी आरडाओरडा. नवं स्वीकारायचंच नाही अशा बाजारात कंपनी वाढणार कुठे? २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या वृत्तपत्राने लिहिलं होतं की दहा वर्षांत इलेक्ट्रिक गिटारींची वार्षिक विक्री १५ लाखांवरून १० लाखांवर आली. हे बघून कुठलाही मालक दुसरा धंदा शोधणारच.

आणि सरकारने भारतीय शिसवीच्या पट्ट्यांसाठी बंदूकधारी माणसं पाठवून कारखाना बंद पाडला, त्याचा धाग्यात उल्लेखही नाही.

ठाणे_ब्लूज

धाग्याशी सहमत. वाचतोय.

सहावी तार

जुना बाजार, २०१५ चंच उदाहरण घेऊ, कारण ते माझ्या बाजूचं आहे. त्या वर्षी स्वयंचलित खुंट्या, रुंद मान आणि शून्य पडद्याचा पितळी नट (मानेच्या टोकाशी तारा टेकतात ती पट्टी) हे जवळजवळ सगळ्या इलेक्ट्रिक मॉडेलांवर एकदम बसवलं, आणि किमती वाढवल्या. ज्याला साधी लेस पॉल हवी त्याला ती नव्या मालात मिळेना. लोकांचा राग खुंट्यांवर नव्हता, सक्तीवर होता. पुढच्याच वर्षी कंपनीने "ट्रॅडिशनल" आणि "हाय परफॉर्मन्स" अशा दोन रांगा केल्या. हे आधी सुचलं असतं तर एक अख्खं वर्ष वाया गेलं नसतं.

मॅकार्टीने १९५८ मध्ये फ्लाइंग व्ही काढली तेव्हा पहिल्या दोन वर्षांत शंभरसुद्धा गेल्या नाहीत. पण त्याने लेस पॉल घेणाऱ्याच्या गळ्यात व्ही मारली नव्हती. वेडी कल्पना बाजूला ठेवून विकली, नाही चालली तर थांबवली, आणि पुढच्या पिढीने ती उचलली. गिऱ्हाईक नवं घेतच नाही असं असतं तर १९५२ ते १९६३ मधली गिब्सन घडलीच नसती.

पेठेतला मेकॅनिक

मी गिटारी दुरुस्त करतो. गिब्सनची मान हा आमच्या पोटापाण्याचा विषय आहे, म्हणून व्होल्यूटबद्दल नीट लिहितो. "लोकांनी नाकारलं" एवढ्यावर तो विषय संपत नाही.

गिब्सनचं हेडस्टॉक मागे १७ अंशांत कललेलं असतं. मान एकाच महोगनीच्या तुकड्यातून कापलेली. लाकडाचे रेषे मानेत सरळ धावतात, पण जिथे डोकं मागे वळतं तिथे ते आडवे तुटतात. नेमकं त्याच जागी, नटच्या पुढे, ट्रस रॉडची, म्हणजे मानेतल्या लोखंडी सळीची, चावी फिरवायला समोरून खाच कोरलेली असते. म्हणजे जिथे रेषे आधीच कमजोर, तिथलंच लाकूड आतून काढून टाकलेलं. मागच्या बाजूला काही मिलीमीटर भिंत उरते. त्यावर सहा तारांचा सुमारे ४५ किलोचा ताण दिवसरात्र. गिटार स्टँडवरून मागे पडली की हेडस्टॉक जमिनीला टेकतं, बाकीचं अंग पुढे जात राहतं आणि मान मोडते. बऱ्याचदा पूर्ण तुटतही नाही. वरच्या लाखेवर केसाएवढी रेघ दिसते, गिऱ्हाईक म्हणतं फक्त पॉलिश गेलंय. तारा सैल करून डोकं हलकं मागे दाबलं की ती रेघ तोंड उघडते.

फेंडरची मान सपाट फळीतून निघते, कोन नाही. म्हणून माझ्याकडे फेंडरची मोडलेली मान क्वचित येते.

आता इतिहास. १९६० च्या दशकाच्या मध्यात गिब्सनने कोन १७ वरून १४ अंशांवर आणला. १९६९-७० च्या आसपास मान तीन तुकडे चिकटवून करायला लागले आणि व्होल्यूट आला. पुढे महोगनीऐवजी मेपल आलं. हे चारही बदल मजबुतीचे होते आणि चारही बरोबर होते. पण त्याच वर्षांत नॉर्लिनने अंगाचं लाकूड थरांवर थर चिकटवून करायला सुरुवात केली, वजन वाढलं, काम उरकलेलं दिसू लागलं. लोकांनी त्या काळाचा सगळा माल एका गठ्ठ्यात वाईट ठरवला आणि व्होल्यूट त्या गठ्ठ्यात गेला. कंपनीने सांगायला हवं होतं की हा उंचवटा का आहे. त्यांनी तो गुपचूप काढला आणि १७ अंशांवर परत गेले, कारण "जुन्यासारखी" हा शब्द विकायला सोपा होता. तो निर्णय गिऱ्हाइकाच्या माथी मारू नका. इंजिनिअरिंग कळणारी माणसं कारखान्यात होती, त्यांचं ऐकलं नाही.

हेन्रीने ३२ वर्षांत स्वयंचलित खुंट्यांवर पैसा घातला. मग त्याच हेडस्टॉकवर मोटरचं आणि बॅटरीचं वजन लटकवलं. मान तीच राहिली. माझ्यासाठी त्याचा निकाल तिथेच लागतो.

जुना बाजार

मेकॅनिक, माहिती उत्तम. पण तुम्ही सिद्ध केलंत ते माझंच: चांगला बदल केला आणि बाजारात त्याला शिक्षा झाली. वापरलेल्या गिटारींच्या बाजारात आजही व्होल्यूट असलेल्या लेस पॉलला कमी भाव येतो. हा भाव कंपनी ठरवत नाही.

शिसवी

छाप्याचा विषय निघालाच आहे तर लिहिते. आमचं घर तीन पिढ्या लाकडाच्या व्यापारात आहे, घाटाखालून आणि कर्नाटकातून माल यायचा, त्यामुळे ही बातमी तेव्हा आमच्याकडे बारकाईने वाचली गेली होती. "सरकारने छळलं" हे वाक्य फार वेळा ऐकलंय आणि ते अर्धंच खरं आहे.

छापे दोन. पहिला २००९ मध्ये, मादागास्करच्या एबनी या काळ्या लाकडासाठी. दुसरा २४ ऑगस्ट २०११ ला नॅशव्हिल आणि मेम्फिसमध्ये, भारतीय शिसव आणि एबनीसाठी. कायदा अमेरिकेचाच, लेसी ऍक्ट. ज्या देशातून लाकूड आलं त्या देशाचा कायदा मोडून आलं असेल तर अमेरिकेत ते ठेवणं गुन्हा, असं तो म्हणतो. २००८ मध्ये त्यात झाडं आणि लाकूड घालण्यात आलं.

आधी भारताचं बघू, कारण तिथे गिब्सनची बाजू खरंच भक्कम होती. आपल्याकडे कापलेलं लाकूड ६ मिलीमीटरपेक्षा जाड असेल तर बाहेर पाठवायला बंदी, पातळ व्हेनिअर चालतं. फिंगरबोर्डची, म्हणजे मानेवर बोटं दाबायची, पट्टी या दोहोंत कुठे बसते? डोळ्यांसमोर आणा: हातभर लांब, अडीच-तीन इंच रुंद, जेमतेम एक सेंटीमीटर जाड, चारही बाजू रंधलेली काळपट जांभळी पट्टी. पडद्यांच्या खाचा अजून पाडायच्या. सुतार म्हणेल हा वाद्याचा तयार भाग आहे, दुसऱ्या कशालाही तो उपयोगी नाही. सीमाशुल्क खात्याचा माणूस फूटपट्टी लावून म्हणेल ६ मिलीमीटरपेक्षा जाड लाकूड. त्यात त्या मालाच्या कागदांवर वर्गीकरण वेगवेगळं लिहिलेलं निघालं, संशय तिथून वाढला. पुढे भारताच्या परकीय व्यापार विभागानेच सांगितलं की असे फिंगरबोर्ड तयार माल मानले जातात. २०१२ च्या समझोत्यात अमेरिकी सरकारने भारतीय लाकूड परत केलं आणि भारत स्पष्ट मनाई करत नाही तोवर अशा पट्ट्यांसाठी कारवाई करणार नाही असं लिहून दिलं.

पण मादागास्कर? तिथे २००६ पासून कच्च्या एबनीच्या निर्यातीवर बंदी होती. गिब्सनचा माणूस २००८ मध्ये तिथे जाऊन आला, त्याला हे सांगण्यात आलं, त्याने कंपनीत कळवलं, आणि तरीही माल मागवणं चालू राहिलं. हे कंपनीने समझोत्यात स्वतः मान्य केलं आहे. ३ लाख डॉलर दंड, जंगलसंवर्धनासाठी ५० हजार, आणि मादागास्करच्या जप्त एबनीवर, म्हणजे सुमारे २ लाख ६२ हजार डॉलरच्या मालावर, पाणी.

हेन्रीने या दोन प्रकरणांची सरमिसळ करून जाहीर भांडण केलं. परत मिळालेल्या लाकडाच्या "गव्हर्नमेंट सिरीज" नावाच्या गिटारी काढल्या. राजकारण्यांना ते आवडलं असेल. मादागास्करच्या जंगलात कोवळ्या झाडांसकट एबनी तोडली जात होती, त्याबद्दल त्या गिटारींवर एक अक्षर नव्हतं. आमच्या धंद्यात शिसवीचं झाड तोडायचं म्हणजे वनखात्याचा शिक्का, वाहतूक परवाना, ओंडक्यावर खूण. हा त्रास आम्ही सहन करतो कारण परवा झाडच नसेल. अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या नावाने तो न करण्याला स्वातंत्र्यलढा म्हणावं हे मला आजही खटकतं.

आणि "कारखाना बंद पाडला" हेही खरं नाही, जुना बाजार. काम तात्पुरतं थांबलं, मग २०१२ मध्ये भाजलेल्या मेपलच्या पट्ट्या लावून आणि काही मॉडेलांवर रिचलाइट नावाच्या कागदी थरांच्या पट्ट्या लावून गिटारी निघत राहिल्या.

जुना बाजार

शिसवीताई, मादागास्करबद्दल तुमच्याशी वाद नाही. पण भारतीय लाकडाबद्दल तुम्हीच म्हणता की बाजू भक्कम होती. मग वर्षभर माल अडकून राहिला त्याचं नुकसान कुणी भरलं? सचोटीने धंदा करणाऱ्यालाही त्या नियमाचा फटका बसलाच ना? २०१७ मध्ये तर साइट्सने, म्हणजे दुर्मिळ प्राणी-झाडांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराने, सगळ्या शिसव जाती यादीत घातल्या आणि जगभर गिटारवाल्यांनी पाव फेरो आणि लॉरेल या दुसऱ्या लाकडांकडे धाव घेतली. २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट द्यावी लागली. नियम करणाऱ्यांना वाद्यं कळत नाहीत, हेन्री एवढंच म्हणत होता.

शिसवी

वाद्यांना सूट मिळाली ती वादक, वाद्यकार आणि इतर कंपन्यांनी तीन वर्षं बैठकांत बसून, कागद मांडून मिळवली. भांडण आणि काम यात फरक आहे.

पार्सन्स स्ट्रीट

मी गेली काही वर्षं कॅलामझूत राहते, नवऱ्याची नोकरी इथे आहे. तुम्ही दोघं १९८६ आणि २०१८ यांतच अडकला आहात, म्हणून लिहिते. माझ्या मते गिब्सनचा घात १९८४ मध्ये झाला, आणि त्याबद्दल या धाग्यात जेमतेम अर्धं वाक्य आहे.

२२५ पार्सन्स स्ट्रीटवरचा कारखाना १९१७ चा. उंच विटांची चिमणी दुरून दिसते, तिच्यावर गिब्सनचं नाव. लॉइड लोअरने १९२० च्या दशकात एफ-५ मेंडोलिन आणि एल-५ गिटार केली ती इथे. दुसऱ्या महायुद्धात पुरुष सैन्यात गेले तेव्हा या गावातल्या बायकांनी इथे गिटारी घडवल्या. कंपनी जाहीर सांगायची की युद्धकाळात वाद्यं बनवणं थांबलंय, आणि आत बायका ब्रेसिंग (गिटारच्या आतल्या आधारपट्ट्या) तासत होत्या. आज त्या गिटारींना लोक हवी ती किंमत मोजतात. लेस पॉल इथली, ३३५ इथली, १९५८ ते १९६० मधल्या सनबर्स्ट रंगाच्या लेस पॉल, ज्यांना तुम्ही सगळे देव मानता, त्याही इथल्याच.

नॉर्लिनने १९७० च्या दशकात नॅशव्हिलला नवा कारखाना काढला आणि काम हळूहळू तिकडे नेलं. सप्टेंबर १९८४ मध्ये इथलं दार बंद झालं. ज्यांना जायचं नव्हतं त्यांच्यातल्या काहींनी, जिम ड्यूर्लू आणि मार्व लॅम्ब त्यांत होते, १९८५ मध्ये त्याच इमारतीत, गिब्सनने मागे सोडलेल्या यंत्रांवर हेरिटेज नावाची कंपनी काढली. ती आजही तिथे गिटारी करते. म्हणजे नाव दक्षिणेला गेलं आणि हात इथे राहिले.

हेन्री आला तेव्हा हेरिटेज एक वर्षाची होती. गावात कसबी माणसं होती, इमारत होती. त्याने या लोकांशी काय केलं? आकारांवरून वाद घातला. १९९१ मध्ये समझोता झाला. २०२० मध्ये, मालक बदलल्यावरही, तेच भांडण पुन्हा कोर्टात गेलं. ज्या कारागिरांनी ते आकार स्वतःच्या हातांनी कापले त्यांनाच सांगायचं की हे आकार आमचे, याला मी कंपनी वाचवणं म्हणू शकत नाही.

ठाणे_ब्लूज

पार्सन्स स्ट्रीटताई, हा प्रतिसाद वाचून लिहायचं ठरवलं.

आकारांच्या भांडणांचा हिशेब मांडला तर गिब्सनचं चित्र फारसं चांगलं दिसत नाही. १९७७ मध्ये इबानेझ गिटारींच्या अमेरिकी वितरकावर हेडस्टॉकवरून दावा. २००० मध्ये पीआरएस या गिटार कंपनीवर लेस पॉलच्या एका शिंगाच्या आकारावरून दावा, २००४ मध्ये खालच्या कोर्टात विजय, २००५ मध्ये वरच्या कोर्टात पार उलटा निकाल. २०१९ मध्ये युरोपात फ्लाइंग व्हीचा आकार ट्रेडमार्क म्हणून टिकला नाही. त्याच वर्षी नव्या मालकांनी "प्ले ऑथेंटिक" असा इशारेवजा व्हिडिओ काढला, तो इतका अंगाशी आला की मागे घ्यावा लागला. डीन गिटारींशी खटला २०२२ मध्ये जिंकले, २०२४ मध्ये वरच्या कोर्टाने तो नव्याने चालवायला सांगितला. म्हणजे ही सवय एकट्या हेन्रीची नाही. मालक कुणीही असो, कंपनी १९५८ च्या रेखांवर पहारा देत बसते.

आणि नकलांनी गिब्सनचं नुकसानच केलं असंही नाही. १९८७ मध्ये गन्स अँड रोझेसचा स्लॅश लेस पॉल घेऊन आला आणि तीच "म्हाताऱ्यांची गिटार" पोरांना पुन्हा हवीशी झाली. त्या पहिल्या अल्बमवर वाजलेली लेस पॉल गिब्सनची नव्हती, ख्रिस डेरिग नावाच्या कॅलिफोर्नियातल्या कारागिराने हाताने केलेली प्रतिकृती होती. गिब्सनच्या पुनर्जन्मात त्या एका नकलेचा वाटा मोठा आहे. जुना बाजार, तुम्ही ते सगळं श्रेय हेन्रीच्या खात्यात जमा करता.

आपल्याकडेही बघा. आमच्या पिढीत कितीतरी जणांची पहिली गिटार कोलकात्याची गिव्हसन होती. गिब्सन हे नाव आम्ही तिच्यानंतर ऐकलं. त्या गिटारीवर बोटं सोलून घेतलेली पोरं पुढे नोकरीला लागल्यावर पहिली खरी लेस पॉल घेतात. हा गिऱ्हाईक कुठल्याही वकिलाने आणलेला नाही.

जुना बाजार

ठाणे_ब्लूज, स्लॅश वाजवायला लागल्यावर दुकानात चांगली लेस पॉल हजर असणं हे कुणाचं काम होतं? मागणी स्लॅशने आणली असेल, माल हेन्रीच्या कारखान्याने दिला. १९८६ मध्ये कंपनी मोडीत गेली असती तर त्या पोरांनी जपानी कॉपीच घेतली असती.

आणि पार्सन्स स्ट्रीट, कारखाना बंद केला नॉर्लिनने. हेन्रीला तो बंदच मिळाला. ५० लाखांत घेतलेल्या, तोट्यातल्या कंपनीने दोन राज्यांत दोन कारखाने चालवायचे होते का?

पार्सन्स स्ट्रीट

बोझमन तिसऱ्या राज्यात आहे, आणि तिथे चालवला की.

सहावी तार

हाच मुद्दा पुढे नेतो. पैसा नव्हता हे १९८६ चं खरं. २०१४ ला पैसा उभा करता येत होता, आणि तो कशात गेला ते वर लिहिलंय. जुना बाजार म्हणतात गिटारीत वाढायला जागा नव्हती. मग हे बघा: २०२० मध्ये टाळेबंदीत लोक घरी बसले आणि फेंडरने आपल्या इतिहासातली सर्वांत जास्त विक्री त्याच वर्षी केली. फेंडर हेडफोन विकून वाढली नाही. नवशिक्यांना ऑनलाइन शिकवणी दिली, स्वस्त गिटारी नीट करून दिल्या, मुलींना गिऱ्हाईक म्हणून मोजायला सुरुवात केली. हेन्रीकडे एपिफोन होती, १९५७ पासून गिब्सनच्या घरातली. नवशिक्यांसाठी तिच्यासारखं नाव जगात दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. तिच्यावर फिलिप्सच्या निम्मे पैसे लावले असते तर?

दुसरं, हेन्रीचं बाहेरचं खरेदीसत्र २०११ ला सुरू झालं असं समजू नका. १९९८ मध्ये ओपकोड घेतली, तेव्हाची नावाजलेली संगीत सॉफ्टवेअर कंपनी. वर्षभरात तिथलं काम बंद. सिंथेसायझर करणाऱ्या टॉम ओबरहाइमचं नाव कंपनीकडे अनेक वर्षं पडून होतं, ते २०१९ मध्ये, हेन्री गेल्यावर, त्याला परत मिळालं. केकवॉक २०१३ ला घेतली आणि नोव्हेंबर २०१७ ला थांबवली. वापरणाऱ्यांचे अनेक वर्षांचे प्रकल्प त्यात होते. दूरदृष्टीचा मालक एकदा चुकला, असं हे नाही. चालतं काम विकत घ्यायचं आणि त्यातल्या जाणकारांना घालवायचं हे वीस वर्षं चालू होतं. ओपकोडला जे झालं तेच शेवटी गिब्सनला झालं, फक्त गिब्सन मोठी असल्यामुळे वेळ जास्त लागला.

पेठेतला मेकॅनिक

एक माहिती. २०१९ नंतरच्या, म्हणजे नव्या मालकांच्या काळातल्या लेस पॉल स्टँडर्ड माझ्याकडे आल्यात. पडदे नीट बसवलेले, नटच्या खाचा बरोबर, लाखेचं काम स्वच्छ. स्वयंचलित खुंट्या नाहीत. हेडस्टॉक १७ अंश, एकाच तुकड्याची महोगनी, व्होल्यूट नाही.

जुना बाजार

म्हणजे दिवाळखोरीनंतर मालक झालेल्या केकेआर या गुंतवणूक कंपनीने काय केलं? १९५० आणि १९६० च्या दशकांच्या नावाने दोन लेस पॉल स्टँडर्ड काढल्या, वाद मिटवला आणि विक्री वाढवली. मेम्फिसचा कारखाना २०१९ मध्ये बंद झाला, ३३५ नॅशव्हिलला गेली. कॅलामझूबद्दल जसं वाटतं तसं मेम्फिसबद्दल कुणी इथे लिहिलं नाही. हेन्री नवं करताना चुकला हे तुम्ही दहा वेळा सांगितलंत. नवे मालक नवं करतच नाहीत आणि सगळे खूश आहेत. मान मात्र तशीच मोडते आहे, हे मेकॅनिकच सांगतायत.

सहावी तार

मेम्फिस बंद व्हायला नको होतं, आणि ते दिवाळखोरीच्या कर्जाचं बिल आहे. मानेचं म्हणाल तर केकेआरलाही तोच प्रश्न विचारायला हवा. व्होल्यूट असलेली लेस पॉल, त्याचं कारण स्पष्ट सांगून, वेगळं मॉडेल म्हणून काढा. सक्ती नको. मी पहिल्या दिवशी घेईन.

पेठेतला मेकॅनिक

मीही. धंदा कमी झाला तरी चालेल.